गाडी आली, पण काट्याला कळलं का?

डिसेंबरातल्या रात्री वसमतहून नांदेडच्या रस्त्याला लागलं की उसानं भरलेला ट्रॅक्टर पुढे लागतोच. मागे दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंना बाहेर आलेली उसाची टोकं, मागचा लाल दिवा असला तर नशीब, आणि ड्रायव्हरनं इतक्या मोठ्यानं लावलेलं गाणं की आपला हॉर्न त्याच्या कानावर पडायची सोय नाही. ओव्हरटेकचा नाद सोडावा आणि गुमान मागे मागे जावं. पूर्णा नदीवरच्या येलदरी आणि सिद्धेश्वर या दोन धरणांच्या पाण्यावर या पट्ट्यात ऊस उभा राहिला. वसमतचा पूर्णा सहकारी साखर कारखानाही त्याच नदीचं नाव घेऊन उभा आहे. हंगाम सुरू झाला की हिंगोली-परभणी-नांदेडच्या सीमेवरची अशी कितीतरी वाहनं रात्रंदिवस कुठल्या ना कुठल्या केन यार्डाकडे सरकत असतात.

यार्डात रांग असते. ड्रायव्हर ट्रॉलीखाली चादर ओढून झोपतो, क्लीनर रांग पुढे सरकली की त्याला उठवतो, आणि असं करत करत पहाटे कधीतरी गाडी काट्यावर चढते. त्या क्षणी कारखान्याला दोन गोष्टी कळाव्या लागतात: वजन किती आणि ऊस कुणाचा. पहिलं काम काट्याखालचे लोडसेल करतात. दुसरं काम वर्षानुवर्षं कागदाच्या चिठ्ठीनं केलं. फडात चिटबॉयनं चिठ्ठी फाडायची, ड्रायव्हरनं ती खिशात सांभाळायची, काट्याच्या खिडकीतून आत द्यायची आणि आतल्या माणसानं नंबर बघून टाइप करायचा. रात्री तीन वाजता, थंडीत, घामानं आणि धुळीनं मऊ झालेल्या त्या कागदावर १ चा ९ व्हायला कितीसा वेळ लागतो? आणि ९ झाला की ऊस एकाचा, बिल दुसऱ्याच्या खात्यात.

म्हणून चिठ्ठीच्या जागी टॅग आला. ट्रॉलीवर हाताएवढी प्लॅस्टिकची पट्टी, काट्याच्या खांबावर पाटासारखा चपटा अँटेना, आत कुठेतरी रीडर, आणि सगळ्याला हुकूम सोडणारी पीएलसी नावाची पेटी. खालचं वर्णन कुठल्या एका कारखान्याचं नाही. जिथे जिथे ही यंत्रणा बसते तिथे ती थोड्याफार फरकानं अशीच असते. माझं पोट असल्या पेट्या एकमेकींना जोडण्यावर चालतं, त्यामुळे एक गोष्ट अनुभवानं सांगतो. टॅग वाचणं आता सोपं झालंय. वाचलेलं पीएलसीपर्यंत नीट पोचवणं, आणि न पोचल्याचं वेळेवर कळणं, हे अजूनही अवघड आहे. विकणारे पहिल्या गोष्टीचं प्रात्यक्षिक दाखवतात. दुसरी आपली आपल्याला शिकावी लागते.

आधी टॅगचं बघू. त्यात बॅटरी नसते. लहानपणी शाळेच्या खिडकीतून आरशाची तिरीप पाडून आपण समोरच्या घरातल्या दोस्ताला खूण करायचो, तसाच हा प्रकार. आरशात स्वतःचा उजेड नसतो, तो सूर्याचा उजेड परत फेकतो. आरसा हलवला की तिरीप येते-जाते, आणि त्या येण्या-जाण्यात निरोप बसवता येतो. रीडरचा अँटेना रेडिओ लहरी सोडतो, टॅगमधली चिप त्याच लहरींतून कणभर वीज उचलून जागी होते आणि आपला अँटेना उघड-बंद करून लहरी कमी-जास्त परतवते. या कमी-जास्तीत तिचा नंबर असतो. परतलेल्या लहरींवर बोलण्याची ही कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ मध्येच मांडली होती. ती नखाएवढ्या चिपमध्ये मावायला मात्र अर्धं शतक गेलं.

भारतात या कामासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ पासून परवान्याशिवाय वापरता येतो. या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर. चांगल्या अँटेनाला त्याच्या निम्मी लांबी लागते, म्हणून टॅग बोटभर न राहता हाताएवढा होतो. आपल्या गाडीच्या काचेवरचा फास्टॅग याच कुळातला. फेब्रुवारी २०२१ पासून तो सक्तीचा झाला, त्यामुळे हिंगोलीहून अकोल्याला किंवा नांदेडला जाणाऱ्या माणसाला या तंत्राची ओळख करून द्यायची गरज उरलेली नाही. फरक एवढाच की फास्टॅग काचेवर बसतो आणि ट्रॉलीला काच नसते, सगळं लोखंड. साधा टॅग लोखंडाला चिकटवला तर तो मुका होतो, कारण पाठीमागचं लोखंड लहरींचा जोर मोडून टाकतं. म्हणून ट्रॉलीचा टॅग जाड असतो. पोटात जागा ठेवून, अँटेना लोखंडापासून उचलून धरून तो मुद्दाम बनवलेला असतो. ओल्या उसाचंही तसंच. पाणी या लहरी पिऊन टाकतं. मोळ्यांच्या आड गेलेला टॅग दिसणार नाही, तो पुढच्या कडेला उघड्यावर रिव्हेट मारून बसवावा लागतो. या हिशेबात वसमतची हळद बरी, वाळलेली असते.

गुरांच्या कानातला पिवळा बिल्ला हा टॅग नव्हे, हेही सांगून टाकतो, कारण गावात हा गोंधळ नेहमी होतो. त्यावर बारा आकडी नंबर आणि बारकोड छापलेला असतो, तो डोळ्यांनी किंवा कॅमेऱ्यानं वाचायचा. त्यात चिप नाही.

आता पीएलसी. १९६८-६९ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सला आपल्या कारखान्यातली रिलेंची भलीमोठी कपाटं नकोशी झाली होती. गाडीचं मॉडेल बदललं की कपाटातली सगळी वायरिंग उसवावी लागे. डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर उपाय म्हणून मॉडिकॉन ०८४ हे यंत्र दिलं. त्यांच्या कंपनीचा तो चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून ०८४. आज साखर कारखान्यात गव्हाणीपासून पोती भरण्यापर्यंत जिथे मोटर चालू-बंद होते तिथे या यंत्राचे नातू-पणतू बसलेले आहेत.

पीएलसीचा स्वभाव जुन्या दिवाणजीसारखा. दर दहा-वीस मिलिसेकंदांनी ती एकच फेरी मारते: सगळी बटणं आणि सेन्सर बघते, आपल्या नियमांप्रमाणे विचार करते, मोटरींना आणि दिव्यांना हुकूम देते, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. तिच्याजवळ ठरावीक मापाचे खण असतात. प्रत्येक खणात १६ बिट, ना जास्त ना कमी. कुठल्या खणात काय येणार हे आधीच ठरलेलं. अवेळी आलेलं, कमी-जास्त लांबीचं, दोनदा सांगितलेलं बोलणं तिला झेपत नाही.

आणि रीडर नेमका तसाच बोलतो. ट्रॉली काट्यावर ताशी पाच किलोमीटर वेगानं चढते असं धरा, म्हणजे सेकंदाला साधारण १.४ मीटर. अँटेनासमोरच्या तीन मीटरच्या टप्प्यात ती दोन सेकंद असते. तेवढ्यात रीडर तोच टॅग शंभर वेळा वाचू शकतो आणि शंभर वेळा ओरडून सांगतो. मधेच मागच्या ट्रॉलीचा टॅग दिसतो, तोही सांगतो. मग काही वेळ गप्प. असा बोलघेवडा पोऱ्या आणि असा दिवाणजी यांची सोयरीक लावायची, हे आमचं काम.

पूर्वी त्यांच्यात एक सिरियल केबल टाकायचे. आरएस-२३२ ची केबल पंधरा मीटरच्या पुढे रडायला लागायची, आरएस-४८५ ची बाराशे मीटर जायची पण तिच्यावर एका वेळी एकच बोलणार. आता त्या जागी इथरनेट आलं. बॉब मेटकाफ यांनी झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत इथरनेटची टिपणं लिहिली ती २२ मे १९७३ ला. त्याच वर्षी जानेवारीत मारिओ कार्डुलो यांना आजच्या टॅगच्या पूर्वजाचं पेटंट मिळालं होतं. आपल्याकडे त्या उन्हाळ्यात मराठवाडा दुष्काळी कामांवर खडी फोडत होता. त्या वर्षातली ही दोन कागदपत्रं एक दिवस आपल्याच उसाच्या काट्यावर एकत्र येतील, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

इथरनेटच्या तांब्याच्या केबलला एक लक्ष्मणरेषा आहे, १०० मीटर. यार्डाचं फाटक ते कंट्रोल रूम हे अंतर याहून सहज जास्त भरतं. मग फायबर टाकावी लागते, आणि मी तर म्हणेन अंतर ८० मीटर असलं तरी उघड्यावरून जाताना फायबरच टाका. मराठवाड्यातली वीज जूनमध्ये एका टोकाला पडते आणि तांब्याच्या तारेतून दुसऱ्या टोकाचा स्विच, म्हणजे केबली एकत्र आणणारी पेटी, घेऊन जाते. काचेच्या धाग्यातून वीज वाहत नाही. हे इथरनेट कुठवर पोचलंय बघा: आपल्या हिंगोली जिल्ह्यातच औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याला लायगो-इंडियाची वेधशाळा होते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला २,६०० कोटींची मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा चार-चार किलोमीटरच्या असतील. अमेरिकेतल्या लायगोच्या वेधशाळांतही सावकाश चालणारी नियंत्रणं इथरकॅट नावाच्या औद्योगिक इथरनेटवरच चालतात. कृष्णविवरांच्या टकरीचा थरार मोजणारं यंत्र आणि उसाचा काटा यांच्या गरजांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, पण दोघांच्या पेट्यांतली केबल ओळखीची निघते.

केबल टाकली म्हणजे झालं, हा मात्र मोठा गैरसमज. इथरनेट हा रस्ता आहे, भाषा नव्हे. टपालानं कागद घरी पोचला म्हणजे वाचता आलाच असं नसतं. आपल्याकडे कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा निजामकाळातले कागद तर सापडले, पण ते उर्दूत आणि मोडीत होते. मग वाचणारे शोधत फिरावं लागलं. इथेही तसंच. मोठ्या गोदामांसाठी बनवलेले रीडर एलएलआरपी नावाच्या भाषेत बोलतात, ती संगणकाला कळते, पीएलसीला बहुधा नाही. पीएलसीच्या घरात मॉडबस टीसीपी, प्रोफिनेट किंवा इथरनेट-आयपी बोलतात. यातल्या शेवटच्या नावातला ‘आयपी’ म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉल नव्हे, इंडस्ट्रियल प्रोटोकॉल. या एका नावानं जितके नवशिके फसले असतील तितके दुसऱ्या कशानं फसले नसतील. दुकानदाराला ‘इथरनेट आहे का’ एवढंच विचारून रीडर घेणारा माणूस घरी येऊन डोक्याला हात लावतो. विचारायचं ते असं: आमच्या पीएलसीची भाषा या रीडरला येते का? सीमेन्स, टर्क, बालुफ यांसारख्या कंपन्यांचे औद्योगिक रीडर या भाषा शिकूनच येतात. नसेल येत, तर मधे गेटवे नावाचा दुभाषा बसवावा लागतो. दुभाषा म्हणजे आणखी एक पेटी, आणखी एक बिघडण्याची जागा.

यातली मॉडबस सर्वांत जुनी आणि सर्वांत सोपी. मॉडिकॉनवाल्यांनी ती १९७९ मध्ये काढली. तिची इथरनेटवरची आवृत्ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली, म्हणजे परभणीतून हिंगोली वेगळा जिल्हा झाला त्याच वर्षी. तिच्यात सगळा कारभार त्या १६ बिटांच्या खणांवर चालतो. टॅगचा नंबर साधारणपणे ९६ बिटांचा असतो. ९६ भागिले १६, सहा खण. रीडरनं सहा खण भरायचे आणि पीएलसीनं ते उचलायचे. सरळ आहे ना?

नाही. प्रत्येक खणात दोन बाइट असतात आणि त्यातला कुठला आधी मांडायचा यावर जगात दोन पंथ आहेत. हा घोळ मराठी माणसाला समजावायला सर्वांत सोपा. आपण लिहितो २५, आधी दोन मग पाच. आणि बोलतो ‘पंचवीस’, आधी पाच मग वीस. कुणी आपलं बोलणं ऐकून ज्या क्रमानं ऐकलं त्याच क्रमानं लिहीत गेला तर ५२ लिहील. रीडर आणि पीएलसी वेगवेगळ्या घराण्यांतले असले की अगदी हेच होतं. रीडर सांगतो १२३४, पीएलसीच्या खणात दिसतं ३४१२. टॅग खरा, वाचन खरं, केबल चांगली, आणि यादीत असा नंबरच नाही म्हणून काट्यावर लाल दिवा. मी एकदा यापायी अख्खा दिवस अँटेना फिरवत बसलो होतो. शेवटी पीएलसीमध्ये एक ओळ लिहून बाइटांची अदलाबदल केली, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

पण हा दोष बरा, कारण तो पहिल्याच दिवशी दिसतो. दुसरा दोष दबा धरून बसतो.

मराठवाड्यातल्याच एका कारखान्यातली गोष्ट, नाव सांगत नाही. जानेवारीतल्या एका रात्री टर्बाइन ट्रिप झाली आणि यार्ड अंधारात गेलं. काट्याचा इंडिकेटर, संगणक आणि पीएलसी यूपीएसवर होते, ते चालू राहिले. रीडर आणि त्याचा स्विच मात्र खांबावरच्या डब्यात, साध्या लाइनवर. थोड्या वेळानं वीज आली, दिवे लागले, रांगेतल्या गाड्या पुन्हा चालू झाल्या आणि पुढची ट्रॉली काट्यावर चढली. रीडर हा आतून छोटा संगणकच असतो, त्याला उठून डोळे चोळायला मिनिट-दीड मिनिट लागतं. तोवर ट्रॉली स्थिर झाली, वजन स्थिर झालं. पीएलसीनं आपल्या सहा खणांत डोकावून बघितलं, तर तिथे नंबर होता! आधीच्या ट्रॉलीचा. कुणी पुसलाच नव्हता. तिनं इमानेइतबारे जुना नंबर आणि नवं वजन एकत्र बांधलं आणि स्लिप छापली.

कुणाला काही कळलं नाही. सकाळी अकरा वाजता एक शेतकरी मोबाइल हातात घेऊन काट्यावर आला. ‘‘साहेब, माझी काल रात्री एकच ट्रॉली आली. मेसेज दोन आलेत. हे दुसरं वजन कुणाचं हाय?’’ तो आला म्हणून कळलं. ज्याची ट्रॉली हरवली होती तो आपल्या गावात निवांत होता. उसाचं वजन किती भरलं ते मुकादम संध्याकाळी सांगेल, या भरवशावर.

त्या दिवशी आम्ही काट्याजवळच्या टपरीवर चहा घेत बसलो आणि कागदावर लिहून काढलं की पीएलसीला नेमकं काय कळत नव्हतं. काट्यासमोर गाडी नाही, रीडर बंद आहे आणि तीच गाडी अजून उभी आहे, या तीन वेगळ्या परिस्थिती. पण तिच्या खणांत तिन्ही वेळा चित्र एकच: आधीचा नंबर, जसाच्या तसा. गप्प बसलेल्या माणसाला काही सांगायचं नाही की तो बेशुद्ध आहे, हे नुसतं बघून ओळखता येत नाही. त्याला हाक मारावी लागते.

म्हणून आता टॅगच्या सहा खणांच्या शेजारी आणखी काही खण ठेवतो. एकात पोचपावतीचा आकडा. रीडरनं नवा टॅग मांडला की हा आकडा एकानं वाढवायचा. पीएलसीला आकडा बदललेला दिसला तरच नंबर नवा मानायचा, उचलायचा आणि आपल्या बाजूच्या खणात तोच आकडा लिहून ‘पावलं’ असं कळवायचं. जुन्या मनीऑर्डरीची पोचपावती सही होऊन परत यायची, तेव्हाच पाठवणाऱ्याचा जीव भांड्यात पडायचा, तेच हे. पोचपावती येईपर्यंत रीडरनं पुढचा टॅग मांडायचा नाही. शंभर वेळा ओरडण्याचा प्रश्नही यातच सुटतो, कारण तोच टॅग पुन्हा पुन्हा दिसला तरी आकडा एकदाच वाढतो.

दुसऱ्या खणात नाडी. रीडर दर सेकंदाला या खणातला आकडा बदलत राहतो, गाडी असो वा नसो. तीन सेकंद नाडी लागली नाही की पीएलसी काट्यावरचा दिवा लाल करते आणि स्लिप छापणं थांबवते. आणि स्लिप छापून झाली की पीएलसी आपले सहाही खण स्वतः पुसते. शिळं उरायलाच नको.

एवढं करूनही एक भोक राहतं. रीडर जिवंत, नाडी चालू, पण अँटेनाची केबल उंदरानं कुरतडलेली. साखर कारखान्याच्या यार्डात उंदीर-घुशींना काय कमी? कान शाबूत आणि डोळे गेलेले, अशी रीडरची गत होते. त्यावर एक जुना आणि स्वस्त तोडगा आहे. अँटेनासमोर खांबावर एक टॅग कायमचा ठोकून ठेवायचा. आम्ही त्याला साक्षीदार म्हणतो. त्याचा नंबर पीएलसीला माहीत असतो आणि तो आला तर ती दुर्लक्ष करते. पण काटा रिकामा असताना तो दिसेनासा झाला तर बोंब मारते. एका टॅगच्या किमतीत अख्ख्या हंगामाची झोप मिळते, यापेक्षा स्वस्त सौदा मी तरी पाहिलेला नाही.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो, कारण त्यात अक्कल कमी आणि शिस्त जास्त लागते. रीडरला पत्ता कायमचा द्या. आपोआप पत्ता वाटणाऱ्या राउटरच्या भरवशावर सोडला तर लाईट जाऊन आल्यावर रीडरचा पत्ता बदलतो आणि पीएलसी जुन्या घराचं दार वाजवत बसते. रीडर आणि स्विच त्याच यूपीएसवर घ्या ज्यावर पीएलसी आहे. सीसीटीव्हीचे कॅमेरे त्याच स्विचवर लटकवू नका. कॅमेरे वाहतूक करतात ट्रकनं आणि टॅगचा निरोप जातो सायकलवर. आणि डब्यात शिल्लक दिसणारी केबल ‘रिकाम्या’ भोकात खोचून ठेवण्याची सवय सोडा. तिची दोन्ही टोकं एकाच साध्या स्विचमध्ये गेली की तोच निरोप गोल गोल फिरत राहतो आणि सगळं जाळं ठप्प होतं. हे मी हंगामाच्या ऐन भरात पाहिलं आहे. शोधायला चार तास, सोडवायला चार सेकंद.

मॉडबसला पासवर्ड नसतो, हेही लक्षात ठेवलेलं बरं. ती ज्या काळात जन्मली तेव्हा केबलच्या दोन्ही टोकांना आपलीच माणसं असायची. आता ऑफिसच्या वायफायवर बसलेला कुणीही, जाळं एकच असेल तर, पीएलसीच्या खणात हवं ते लिहू शकतो. काट्याचं जाळं वेगळं ठेवण्याचा आग्रह एवढ्याचसाठी.

शेजारच्या गाडीचा प्रश्न मात्र थोडा थांबून बघायला हवा, कारण तिथे रेडिओ कमी पडतो आणि डोकं लागतं. रांगेत दुसरा ट्रॅक्टर काट्याला चिकटून उभा असतो. अँटेनाची ताकद जास्त ठेवली तर त्याचाही टॅग वाचला जातो, कमी ठेवली तर काट्यावरचा सुटतो. नवखा माणूस दिवसभर ताकद वर-खाली करत बसतो. खरं तर हे रीडरवर सोडायचंच नाही, पीएलसीला विचारायचं. काट्याच्या दोन्ही कडांना प्रकाशाचे सेन्सर असतात. मागचा सेन्सर अडला आणि पुन्हा मोकळा झाला, पुढचा अडलेला नाही, वजन शून्यावरून वर गेलं, एवढं जुळलं की गाडी पूर्ण काट्यावर आहे. त्या खिडकीत आलेले टॅगच धरायचे, बाकीचे सोडायचे. मागे दोन ट्रॉल्या असतील तर दोन टॅग अपेक्षित. एकच आला तर स्लिप नाही, माणसाला बोलवा. रीडरनं फक्त दिसलं ते सांगावं, खरं काय ते पीएलसीनं ठरवावं. या कामाची वाटणी मला अशीच पटते, आणि ज्यांनी रीडरमध्येच सगळी हुशारी भरायचा प्रयत्न केला त्यांना हंगामात रात्री-अपरात्री फोन येतात.

राहिला तो प्रश्न जो शेतकरी पहिल्यांदा विचारतो. यानं काटामारी थांबेल का? नाही. टॅग ‘कुणाचं’ ते सांगतो, ‘किती’ ते सांगत नाही. वजन लोडसेल सांगतात आणि ते बरोबर आहेत की नाही हे वैधमापन विभागाचा शिक्का आणि दुसऱ्या काट्यावर करून बघितलेलं फेरवजन सांगतं. शेतकरी संघटनांनी काट्यांसाठी जी आंदोलनं केली ती वजनासाठी होती, आणि टॅगमुळे ती निकालात निघत नाहीत. टॅगचं यश वेगळ्या ठिकाणी आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दराचे, पैसे शेतकऱ्याला मिळायला हवेत. पैसे किती दिवसांत सुटतात हा राजकारणाचा भाग, पण ते योग्य खात्यात जातात की नाही हे त्या पहाटेच्या दोन-तीन सेकंदांत ठरतं, जेव्हा एक नंबर आणि एक वजन पीएलसीच्या खणांत एकमेकांशेजारी येऊन बसतात.

हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या आयटीआय आणि तंत्रनिकेतनांतल्या पोरांना एक सांगणं आहे. हे शिकायला कारखाना लागत नाही. मॉडबसचा खोटा रीडर आणि खोटी पीएलसी एकाच लॅपटॉपवर फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये उभी करता येते. सहा खण भरा, उचला, बाइट उलटे करा, मधेच एक बाजू बंद करा आणि दुसऱ्या बाजूला काय उरतं ते बघा. नोकरीच्या मुलाखतीत यातलं एक वाक्य नीट सांगता आलं तर बाकीच्या उमेदवारांपेक्षा तुम्ही दोन पावलं पुढे.

आणि ज्यांचा ऊस जातो त्यांनी पुढच्या हंगामात काट्यावर गेल्यावर आतल्या माणसाला सहज एवढं विचारावं: ‘‘भाऊ, त्या खांबावरच्या डब्याची वायर काढली तर तुमच्या स्क्रीनवर काय येतं?’’ ‘रीडर बंद’ असं येत असेल तर स्लिप घेऊन चहाला जा. शेवटच्या गाडीचा नंबर तसाच राहत असेल तर घरी गेल्यावर मेसेज किती आले ते मोजून बघा.